अर्धा घोडा

सियागंजात हकीमुद्दीनभाईंनी काउंटरवर
आधी मोठाच कटर ठेवला:
पन्नास मिलिमीटर, पाच इन्सर्ट,
सोनेरी मुलामा, मांडवात मिरवणाऱ्या मामासारखा.
"ले जाइए मुंगी मॅडम, लोहा मक्खन जैसा कटेगा."
लोखंडाचं ठीक आहे, म्हटलं,
मशीनचं काय होईल ते सांगा.

माझी मशीन जिन्याखाली असते,
स्नेहलतागंजात, सायकल आणि कूलरच्या मधे.
मोटर अर्ध्या घोड्याची.
टेबल पोळपाटाहून थोडं मोठं.
जोर केला की जॉबच्या आधी
तिचा खांबच मान मागे टाकतो
आणि अल्युमिनियमवर कुरडयांसारख्या वळ्या उठतात.
वर गोखरूबाईंच्या मांडणीतले पेले वाजतात,
त्या काही बोलत नाहीत,
फक्त जिन्यातून उतरताना चप्पल जरा जोरात आपटतात.

पॉलिटेक्निकची मिलिंग दीड टनाची होती.
तिला काहीही दिलं तरी ती खायची.
एकतीस वर्षं तिच्याशेजारी उभी राहून
मी पोरांना सांगत आले,
जोर मशीनचा, धार टूलची, अक्कल तुमची.
निवृत्तीच्या पैशातून ही धाकटी आणली
तेव्हा वहिनी म्हणाली, पाटल्या केल्या असत्या.
आता जोराचा हिस्सा कमी आहे,
तो दुसऱ्या दोघींनी भरून काढायचा.

"नाम मुंगी, शौक हाथी का," भाई हसतात,
पण चष्मा लावून शिडी चढतात,
वरच्या खणातून एक डबी काढतात.
दहा गोळ्या, औषधाच्या असतात तशा, खाचेत एकेक.

ही नको. हिची कड मुद्दाम बोथट केलीय,
टिकते खूप, पण मागून रेटणारा लागतो.
ही दाखवा. बिनमुलाम्याची, घासून आरसा केलेली,
खाली पोटाशी जागा सोडलेली,
रेटत नाही, सोलते.
बोट लावून पाहिलं.
आधी रक्त दिसलं, मग कळलं.
भाईंनी न बोलता कापूस दिला.

मग होल्डर. सोळाचा दांडा, वीसचं डोकं,
दातही दोनच.
पाच दात एकदम चावायला लागले
तर अर्धा घोडा जागीच बसेल.

एक गोळी, तीन कोपरे.
एक बोथट झाला की स्क्रू सैल करून फिरवायची,
पुन्हा नवी.
दोन दात, म्हणजे जोडीनं फिरवायच्या:
डबीत पंधरा फिरवण्या.
माझ्या हातानं एक फिरवणी चार महिने,
म्हणजे पाच वर्षं.
मी एकसष्ट.
हिशेब मनातच केला, पण भाईंनी ओठ वाचले असावेत,
म्हणाले, "फिर दूसरी डिब्बी ले जाना."

बिलावर घासाघीस केली नाही.
निघताना त्यांनी एक जास्तीचा स्क्रू दिला,
जिऱ्याएवढा,
अख्ख्या वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळून.
"ये गुमता है. सबका गुमता है."

रात्री दादाच्या वॉकरचं बिजागर काढलं.
कंपनीनं प्लास्टिकचं दिलंय,
दर तीन महिन्यांनी त्याच जागी तडकतं,
आणि दादा दर वेळी म्हणतो, माझंच वजन वाढलं.
तुकडा शिकंज्यात धरला,
ब्रशनं रॉकेल लावलं.
खोली एक मिलिमीटर ठेवणार होते,
अर्ध्यावर आले.
हँडल फिरवताना श्वास धरला होता
तो कधी सुटला आठवत नाही.
बारीक कीस पडत राहिला,
खाली पांढरा, स्वयंपाकघरातल्यासारखा.
वरचे पेले गप्प.

आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला,
"काय गं, आजही बंद पडली का?"